आधी ऐकणाऱ्यांनी तयार व्हावे

‘मनातले बोला, मोकळे व्हा’ हा सल्ला हल्ली सर्वत्र मिळतो. तो चुकीचा नाही. पण त्यात सगळा भार मानसिक आजार असलेल्या माणसावर पडतो आणि ज्याच्यापाशी बोलायचे, त्याच्याविषयी कोणी अवाक्षरही काढत नाही.

इंदूरचा आपला मराठी समाज आटोपशीर आणि नात्यागोत्यांनी गुंतलेला आहे. कोणाचे ऑपरेशन झाले, तर रामबागेपासून लोकमान्य नगरापर्यंत डबे देणाऱ्यांची आणि रात्री थांबणाऱ्यांची वाण पडत नाही, हे मी स्वतः अनुभवले आहे. परंतु नैराश्यासाठी गोळ्या सुरू झाल्याचे मी नात्यातल्या एका काकूंना सांगितले, तेव्हा त्यांनी मायेने खिचडी वाढली, ‘धाकटीसाठी स्थळे बघताहेत, बाहेर बोलू नकोस हं’ असे बजावले, आणि पुढे नाटकाच्या मध्यंतरात एका अर्धपरिचित बाईंनी मला ‘आता झोप लागते ना गं?’ असे विचारले. काकूंच्या मनात वाईट नव्हते. काळजी म्हणूनच त्यांनी ते चार घरी सांगितले असणार.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला उपचारांविषयी गोपनीयतेचा हक्क दिला आहे, तो डॉक्टर पाळतात. दिवाणखान्याला मात्र कायदा लागू नाही. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, ज्यात मध्य प्रदेशही होता, सुमारे 10.6 टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. पन्नास जणांच्या पंगतीत असे पाच जण मुकाट्याने जेवत असतात.

म्हणून ऐकणाऱ्याने आधी ‘हे माझ्यापाशीच ठेवू ना?’ असे विचारावे. ‘गोळ्यांची सवय लागेल’ हे ज्ञान तर मुळीच देऊ नये, कारण नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि नेमक्या त्याच काळात असे बोल ऐकून माणूस त्या सोडून देतो. ओपीडीत सोबत जाऊन बसणे शंभर उपदेशांहून उपयोगाचे. जीव देण्याची भाषा कानी आली, तर मात्र गुपित राखू नये. त्या माणसाला एकटे न सोडता ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे.

असे कोणी जवळ नसेल, तर नातेवाइकांपाशी गप्प राहिल्याचा अपराधीपणा वाटून घेऊ नये. डॉक्टरांशी बोलावे, किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर फोन करावा. तो चोवीस तास चालतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.