‘क्लाउडचं नेटवर्क आता एआयच चालवतं’ म्हणे!

नागपुरात इंजिनिअरिंगच्या पोरांच्या आणि त्यांच्या आईबापांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: क्लाउडचं, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरांचं, नेटवर्क आता एआयच चालवतं. बिघाड तेच ओळखतं, तेच दुरुस्त करतं, माणसाच्या चुकांचा प्रश्नच संपला. साइट झटपट उघडते, बिल निम्म्यावर येतं. तेव्हा पोरांना नेटवर्किंग शिकवू नका, दोन वर्षांत ते काम उरणार नाही. खाली ‘जनहितार्थ’, आणि त्याखाली कुठल्यातरी एआय कोर्सची लिंक.

मी मिहानमधल्या एका कंपनीत नेटवर्क सांभाळतो, म्हणजे या वादात माझी पोळी कुठे भाजते ते उघड आहे. तरी एकेक दावा घेऊ.

‘नेटवर्क एआय चालवतं.’ पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, कुठल्या रस्त्याने जायचं हे इंटरनेटवर बीजीपी ठरवतो. हा प्रोटोकॉल, म्हणजे नेटवर्कांनी एकमेकांना रस्ते कळवण्याची पद्धत, १९८९चा, आणि चालतो नियमांवर. सर्व्हरांत काम वाटून देणारा लोड बॅलन्सर दर काही सेकंदांनी सर्व्हरला हाक मारतो, लागोपाठ उत्तर आलं नाही की त्याला रांगेतून काढतो. ऑटोस्केलिंगमध्ये बहुतेक ठिकाणी अमुक टक्क्यांच्या वर लोड गेला की सर्व्हर वाढव, एवढंच लिहिलेलं असतं. गुगलने आपली डेटा सेंटरं जोडणाऱ्या बी-फोर नेटवर्कची माहिती २०१३ मध्ये जाहीर केली. त्यातल्या बऱ्याच लिंका जवळजवळ पूर्ण क्षमतेने वापरल्या जात होत्या, आणि तेही मध्यवर्ती कंट्रोलर आणि गणिताच्या जोरावर. चॅटजीपीटी त्यानंतर नऊ वर्षांनी आलं. आपोआप चालणारी प्रत्येक गोष्ट एआयच्या खात्यात टाकायची, ही विक्रीवाल्यांची जुनी खोड.

एआयचा उपयोग नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. एक फायबर तुटली की स्क्रीनवर शेकडो अलार्म कोसळतात. त्यांतून मूळ एक कोणता हे निवडून देण्यात ही साधनं खरंच कामाची आहेत. लॉग वाचायला, उद्याच्या लोडचा अंदाज बांधायलाही. डेटा सेंटर थंड ठेवण्याच्या कामात तर डीपमाइंड या गुगलच्याच एआय कंपनीने २०१६ मध्ये गुगलची कूलिंगची वीज ४० टक्क्यांपर्यंत कमी करून दाखवली. मे महिन्यात ४५ अंश सोसणाऱ्या नागपूरकराला याचं मोल वेगळं सांगायला नको. फक्त ते कूलिंग आहे, नेटवर्क नव्हे.

‘स्वतः दुरुस्त करतं, माणसाच्या चुका संपल्या.’ इथे जरा थांबावं लागेल.

२० ऑक्टोबर २०२५, नरकचतुर्दशीची दुपार. एडब्ल्यूएस या ॲमेझॉनच्या क्लाउडच्या व्हर्जिनिया रीजनमध्ये (तिथल्या डेटा सेंटरांच्या समूहात) डायनॅमोडीबी या डेटाबेसचा डीएनएसमधला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यादीतला, पत्ताच रिकामा झाला आणि जगभरातली कितीतरी ॲप्स आडवी पडली. तो पत्ता राखायला पूर्ण स्वयंचलित व्यवस्था होती. एक भाग योजना बनवायचा, दुसरा ती लागू करायचा, आणि या दुसऱ्या भागाच्या एकाहून जास्त प्रती एकाच वेळी चालायच्या. त्यातली एक प्रत मंदावली आणि तिने उशिरा जुनीच योजना नव्यावर लागू केली. तेवढ्यात दुसऱ्या प्रतीने जुन्या योजनांची साफसफाई काढली आणि तीही पुसली. गणेशपेठच्या बसस्टँडवर एका कारकुनाने जुनं वेळापत्रक नव्यावर चिकटवावं आणि दुसऱ्याने ‘हे तर जुनं’ म्हणून ते फाडून न्यावं, तशातला प्रकार. फळा कोरा! या अवस्थेतून ती व्यवस्था स्वतःहून बाहेर येऊ शकली नाही, माणसांनी हाताने दुरुस्ती केली. सगळं सुरळीत व्हायला जवळपास १५ तास गेले. नंतर कंपनीने काय केलं? दोष निघेपर्यंत ती स्वयंचलित व्यवस्था जगभर बंद करून ठेवली.

यावर कोणी म्हणेल, हे एआय नव्हतंच. बरोबर, नव्हतं. ओळ न् ओळ वाचता येणारा प्रोग्राम होता, तरी ही गत. ज्याने अमुक निर्णय का घेतला हे उलगडून सांगता येत नाही, त्याच्या हाती हीच किल्ली द्यायची म्हणता?

आणि शिकणारं मॉडेल हवंच असेल तर महिनाभरातच तेही आलं. १८ नोव्हेंबर २०२५ ला असंख्य साइट्सचा ट्रॅफिक वाहणारं क्लाउडफ्लेअर कोसळलं. बॉट (माणसाऐवजी साइटवर येणारे प्रोग्राम) ओळखणाऱ्या त्यांच्या मशीन लर्निंग मॉडेलला लागणारी फाइल दर पाच मिनिटांनी नव्याने तयार व्हायची. डेटाबेसच्या परवानग्यांत बदल झाला, त्याच नोंदी दोनदा आल्या आणि फाइल फुगून दुप्पट झाली. ठरलेली मर्यादा ओलांडली जाताच ती वाचणारं सॉफ्टवेअर जगभर पडू लागलं. कधी चांगली फाइल यायची, कधी खराब, म्हणून साइट्स मध्येच चालायच्या, मध्येच बंद. इंजिनिअरांना आधी वाटलं, कोणी हल्लाच केलाय. शेवटी त्यांनीच नवी फाइल थांबवून जुनी परत बसवली. माणसाची चूक तिथेही होतीच, पण तिला जगभर पोचवलं यंत्रणेने, मिनिटांत.

आणखी एक. पॅकेट इथून तिथे पोचेल का, याचं उत्तर काढायला एडब्ल्यूएसने २०२० मध्ये रीचेबिलिटी ॲनालायझर आणला. तो एकही पॅकेट न पाठवता कॉन्फिगरेशनवरून तर्काने उत्तर काढतो. चॅटजीपीटीसारखं भाषेचं मॉडेल मात्र अंदाज करतं. ‘कनेक्शन बसत नाही, काहीतरी कर’ म्हटलं की ते पोर्ट २२, म्हणजे सर्व्हरमध्ये दुरून शिरण्याचं दार, ०.०.०.०/० ला, म्हणजे कुठल्याही पत्त्याला, उघडायला सांगू शकतं. कनेक्शन बसतं, पोरगं खूश, आणि सर्व्हरचं दार साऱ्या जगाला सताड उघडं.

‘साइट झटपट उघडते.’ समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. फायबरमध्ये प्रकाश मिलिसेकंदाला साधारण २०० किलोमीटर जातो. म्हणजे फायबर अगदी त्या रस्त्यालगत टाकली तरी मुंबईला जाऊन यायला ७ मिलिसेकंद लागणारच. व्हर्जिनियाला जाऊन यायला शंभराहून जास्त. कुठलंही मॉडेल प्रकाशाला पळवू शकत नाही. उपाय साधा आहे: ॲप मुंबई, पुणे किंवा हैदराबादच्या रीजनमध्ये ठेवा. (झीरो माइलचा दगड आपल्याकडे असला तरी समुद्राखालच्या बहुतेक केबली मुंबई-चेन्नईलाच लागतात बाप्पा.) आणि सिमेंट रोडच्या खोदकामात जेसीबीने फायबर तोडली, तर ती सांधायला स्प्लायसिंग मशीन घेऊन माणूसच खड्ड्यात उतरतो.

‘बिल निम्म्यावर येतं.’ येतं कधीकधी, पण बहुतेकदा विसरलेले सर्व्हर बंद केल्याने. नॅट गेटवेवरचा (आतल्या सर्व्हरांना बाहेर जाऊ देणाऱ्या नाक्यावरचा) आणि झोनांमधला (एकाच रीजनमधल्या वेगवेगळ्या डेटा सेंटरांमधला) ट्रॅफिक पैसे खातो, हे बिल नीट वाचलं तरी कळतं. वर्षभर रिकामा दिसणारा सर्व्हर निकालाच्या दिवसासाठी राखलाय, हे मात्र कोणी सांगितल्याशिवाय एआयला कळत नाही.

राहिला शेवटचा दावा, की नेटवर्किंग शिकूच नका. एकच कॉन्फिगरेशन पन्नास डिव्हायसेसवर चिकटवण्याचं किंवा रात्रभर स्क्रीनकडे बघत तक्रारींची तिकिटं पुढे ढकलण्याचं काम कमी होतंय, ते खरं आहे. त्या कामासाठी लाखभर फी घेणारा क्लास लावू नका, हे मीही सांगेन. पण एआयने लिहून दिलेला रूट चुकीचा आहे हे ओळखायला सबनेटिंग (नेटवर्कमधल्या पत्त्यांची गटवारी), डीएनएस आणि बीजीपी डोक्यात असावे लागतात. ते शिकायला जुना लॅपटॉप पुरतो. लिनक्स, एफआरआर (लॅपटॉपला राउटर बनवणारं सॉफ्टवेअर), वायरशार्क (पॅकेट उघडून दाखवणारं), तिन्ही फुकट आहेत. लॅपटॉपवरच चार राउटर उभे करायचे, एक मुद्दाम पाडायचा आणि पॅकेट कुठून वळतात ते बघायचं. अडलं तर एआयला खुशाल विचारा, फक्त त्याचं उत्तर आधी त्या चार राउटरांवर चालवून पाहा.