पिकअपमधला पेट्रोलचा वास उकाड्यामुळे येत नाही

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला पेट्रोल पिकअपमधून माल नेणाऱ्यांमध्ये एक संदेश फिरतो आहे. गोव्याच्या उकाड्यात पेट्रोलचा वास यायचाच. फार वाटले तर टाकीचे झाकण बदला, टाकी गळ्यापर्यंत भरा म्हणजे वाफेला जागाच उरणार नाही, कॅनिस्टरची, म्हणजे टाकीतली वाफ धरून ठेवणाऱ्या कोळशाच्या डब्याची, नळी बंद करा, आणि डॅशबोर्डवरचा इंजिनाच्या बिघाडाचा दिवा लागला नसेल तर गळती नाही असे समजा, असा त्याचा आशय आहे. त्यातला झाकणाचा भाग अर्धा खरा आहे. बाकीचा सल्ला धोक्याचा आहे.

उकाड्याने वाफ वाढते, हे मान्य. परंतु ती वाफ कॅनिस्टरमधल्या सक्रिय कोळशात शोषली जाते आणि इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह या विजेवर उघडणाऱ्या झडपेतून इंजिनात जाऊन जळते. ही व्यवस्था धड असेल, तर मे महिन्यातही उभ्या गाडीजवळ वास रेंगाळत नाही.

झाकणाची रबरी कडा चिरली असेल, तर झाकण जरूर बदलावे. मात्र आपल्याकडे फिलर पाईपही, म्हणजे झाकणापासून टाकीपर्यंत जाणारा पेट्रोल भरण्याचा पाईपही, तितकाच संशयास्पद असतो. चाकावरच्या पत्र्याआड त्यावर लाल माती साचते, पावसाळाभर ओली राहते, आणि खाऱ्या हवेत तिच्याखाली लोखंड गंजत जाते. माती धुऊन काढल्याशिवाय टाचणीएवढी छिद्रे दिसतच नाहीत.

टाकी गळ्यापर्यंत भरण्याचा सल्ला सर्वांत घातक आहे. पेट्रोल तापले की प्रसरण पावते: 30 लिटर पेट्रोल 15 अंशांनी तापले, तर सुमारे 400 मिलिलिटरने वाढते. वरची मोकळी जागा त्यासाठीच असते. ती भरून टाकली, की द्रव पेट्रोल वाफेच्या नळीतून कॅनिस्टरमध्ये शिरते, कोळसा भिजून निकामी होतो, आणि वास घालवायला निघालेल्या माणसाच्या गाडीला कायमचा वास लागतो. पंपावर नोझल आपोआप बंद झाले, की तिथेच थांबावे.

कॅनिस्टरची नळी बंद केली, तर पेट्रोल संपत जाईल तशी टाकीत निर्वात अवस्था निर्माण होते आणि उन्हात उलट दाब वाढतो. नळी नुसती उघडी सोडली, तर हवेपेक्षा जड असलेली ती ज्वालाग्राही वाफ गाडीखाली आणि बंद गॅरेजात जमिनीलगत साचते.

दिव्याचे म्हणाल, तर अनेक गाड्यांचा संगणक पर्ज व्हॉल्व्हचे विद्युत जोड तेवढे तपासतो. रबरी नळीला गेलेली चीर त्याला कळत नाही.

गळती शोधण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे स्मोक टेस्ट. त्यात टाकी आणि वाफेच्या नळ्यांत सुमारे अर्धा पीएसआय (दाबाचे एकक) एवढ्या अल्प दाबाने धूर सोडतात आणि तो कुठून निघतो ते पाहतात. कॉम्प्रेसरची हवा टाकीत कधीही सोडू नये. पर्ज व्हॉल्व्ह काढून, वीजजोड नसताना फुंकून पाहावा. हवा पार गेली, तर तो बिघडला आहे. चिरलेल्या नळीच्या जागी पेट्रोलसाठीच बनवलेली नळी घालावी, कारण साधे रबर पेट्रोलने फुगते. गंजलेला फिलर पाईप एम-सीलने न लिंपता बदलून घ्यावा. गाडीखाली पेट्रोलचा ओला डाग दिसला, तर मात्र ती वाफेची गळती नव्हे. अशा वेळी इंजिन सुरूच करू नये.