एशियन फेस्टिवलात मंडळाचा स्टॉल लावताय? मग हे वाचूनच जा

मे महिना लागला की अमेरिकेत दोन गोष्टी होतात. गॅरेजमधलं लॉनमोवर बाहेर निघतं आणि आपण आशियाई होतो. उरलेले अकरा महिने आपली ओळख फार बारीक दळलेली असते, नुसतं पुण्याचे म्हणून भागत नाही, नदीच्या कुठल्या बाजूचे तेही सांगावं लागतं. पण मेसाठी गावच्या पार्क्स डिपार्टमेंटची ईमेल आधीच येते, एशियन हेरिटेज फेस्टिवल, शनिवार, अकरा ते चार, प्रत्येक देशाला एक आठ फुटी टेबल आणि स्टेजवर सहा मिनिटं, आणि मग अचानक जपान, व्हिएतनाम, फिलिपिन्स सगळे आपले चुलतभाऊ वाटायला लागतात. निदान फॉर्म भरेपर्यंत तरी.

मी गेली सहा वर्षं आमच्या मंडळातर्फे हे निस्तरतेय. ठेचा खाऊन शहाणी झालेय, तर चार गोष्टी तुमच्यासाठी लिहून ठेवते.

पहिली मीटिंग फेब्रुवारीत घ्या, म्हणजे निर्णय फेस्टिवलच्या आदल्या रात्री होतो. झूमची फुकटची चाळीस मिनिटं असतात, त्यातली पंधरा "तुम्ही म्यूटवर आहात" मध्ये जातात आणि उरलेल्यात कळतं की टेबल देशाला एक आहे, मंडळाला नाही. म्हणजे गुजराती, तेलुगू, तमिळ, पंजाबी, बंगाली आणि आपण असे सहाजण आठ फुटांवर. करा भागाकार. सोळा इंच येतात. १०५ हुतात्म्यांनंतर १ मे १९६० ला जे राज्य मिळालं ते आता सोळा इंचात बसवायचंय. पैठणीची एक घडी, पितळेची समई, महाराजांची छोटी मूर्ती, एक लेझीम आणि हळदीकुंकवाची कोयरी एवढं मावतं, मग शेजारच्यांच्या दांडिया हळूच सतराव्या इंचावर सरकतात आणि भाषावार प्रांतरचनेचा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. भांडायचं, जरूर भांडायचं, पण हसत भांडायचं, कारण समोर एक व्हॉलंटियर बाई "सो कलरफुल!" म्हणत फोटो काढत असतात.

स्टेजचंही तेच. भारताला सहा मिनिटं, त्यातली तीन "सगळ्यांना कळतं" म्हणून बॉलीवुडला, उरलेल्या तीनात बाकीचा देश. गेल्या वर्षी आपल्या वाट्याला नव्वद सेकंद आले. घाबरू नका, नव्वद सेकंद भरपूर होतात. गणेशवंदना, जात्यावरची ओवी, कोळीनृत्य, लावणी, पोवाडा आणि शेवटी शिवराज्याभिषेक, सगळं बसतं, फक्त पोवाड्यातला "जी जी रं जी" एकदाच म्हणायचा. नऊवारी शिवलेलीच घ्या, मागून चेन आणि कासोट्याला वेल्क्रो असलेली. आमच्या एका मुलीचा वेल्क्रो लावणीतून राज्याभिषेकात जाताना फर्रकन सुटला, त्याला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या, लोकांना वाटलं स्टेपच आहे.

आता इतिहास. तो शक्यतो टाळा. कोणी विचारलंच की हा आशियाई वारशाचा महिना मेमध्येच का, तर "वेदर छान असतं" म्हणून मोकळं व्हा, कारण खरं उत्तर द्यायला गेलात तर पिकनिकचा मूड जातो. ७ मे १८४३ ला पहिला जपानी माणूस इथे पोचला असं धरतात, हे एक कारण. दुसरं म्हणजे १० मे १८६९ ला देशाच्या दोन टोकांना जोडणारी रेल्वे युटामध्ये जोडली गेली. पश्चिमेकडून येणाऱ्या बाजूचं बहुतेक काम हजारो चिनी मजुरांनी केलं होतं, सिएरा नेवाडाच्या ग्रॅनाइटमधून बोगदे खणून, बर्फात. त्या दिवशीचा प्रसिद्ध ग्रुप फोटो आहे, इंजिनांवर चढून लोक बाटल्या पुढे करतायत, त्यात चिनी चेहरा शोधून दाखवा. आणि मग १८८२ मध्ये कायदाच केला की चिनी मजुरांनी आता यायचंच नाही. झाडून घेतलं, वाढून घेतलं, पंगतीला बसायच्या वेळी दार लावून घेतलं. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टरनी सही केली तेव्हा एक आठवडा मिळाला, आणि १९९२ च्या कायद्याने अख्खा मे. सोबत आठ फुटी टेबल.

आपण यात कधी शिरलो हे तर अजिबातच काढू नका. १९२३ मध्ये पंजाबातून इथे आलेला भगतसिंग थिंड सुप्रीम कोर्टात गेला तो मी आशियाई आहे हे सांगायला नव्हे, मी आर्य, म्हणून मी गोरा, म्हणून मला नागरिकत्व द्या, हे सांगायला. कोर्ट म्हणालं, शास्त्रात काहीही असो, रस्त्यावरचा साधा माणूस तुला गोरा म्हणणार नाही. मग आधी नागरिकत्व मिळालेल्या भारतीयांचंही काढून घ्यायला सुरुवात झाली. थिंडचा वकील होता सखाराम गणेश पंडित, त्याच्यावरही तीच पाळी आली, पण पठ्ठ्या स्वतःची केस लढला आणि जिंकला. मी हे मंडळाच्या ग्रुपवर टाकलं तर पहिला रिप्लाय, "सखाराम म्हणजे आपलाच ना?" दुसरा रिप्लाय, "पंडित म्हणजे कुठले?" तिसरा रिप्लाय, स्टॉलला पेपर प्लेट्स कोण आणतंय. आणि १९७० च्या जनगणनेत तर आपल्याला गोऱ्यांतच मोजलं होतं, वेगळा रकाना आला १९८० ला. म्हणजे जी परंपरा आपण अनादी काळापासूनची म्हणून मांडतो तिचा आशियाई रकाना माझ्याहून चारच वर्षांनी मोठा आहे.

पोस्टरचं मात्र मनावर घ्या. मी एकदा नको ते धाडस केलं. आनंदीबाई जोशींचा एक फोटो आहे, ऑक्टोबर १८८५, फिलाडेल्फियाचं बायकांचं मेडिकल कॉलेज, तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या कपड्यांत बसल्यात. एक आपल्या आनंदीबाई, एक जपानच्या केई ओकामी आणि एक दमास्कसच्या साबात इस्लांबूली. तिघी पुढे डॉक्टर झाल्या. मला वाटलं यापेक्षा भारी एशियन फेस्टिवल कुठला असणार, एवढा एक फोटो मोठा करून लावला तरी झालं. कमिटीत ठेवला. एकजण म्हणाले ब्लॅक अँड व्हाइट आहे, डल दिसेल. दुसऱ्या म्हणाल्या छान आहे, पण बाकीच्या दोघींचं काय करायचं, आपल्याकडे सोळाच इंच आहेत. मग ठराव झाला की क्रॉप करा. केला. उजवीकडून जपान आणि सीरिया दोन्ही एका फटक्यात कापले, मधे कोण होतं आणि कडेला कोण, आता आठवत नाही, कापल्यावर कोण लक्षात ठेवतं. शिवाय जनगणनेच्या हिशेबात सीरियाची माणसं एशियनमध्ये धरतच नाहीत, म्हणजे त्या तिसऱ्या बाईंना या फेस्टिवलात टेबल मिळालंच नसतं. आनंदीबाई एकट्या छान दिसल्या, वर "प्राउड महाराष्ट्रीयन" लिहिलं. स्पेलिंग चुकलं होतं, ते कोणी वाचलं नाही.

खाण्याकडे वळू, कारण लोक त्यासाठीच येतात. बटाटेवडा आणि साबुदाण्याची खिचडी ठेवा, आणि बोर्डावर "प्राचीन पाककृती" लिहा. बटाटा दक्षिण अमेरिकेतला, मिरची मेक्सिकोतली, पाव पोर्तुगीजांचा. खिचडीत तर कमालच आहे, साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो दक्षिण अमेरिकेतला, शेंगदाणा तिथलाच, बटाटा-मिरची आहेतच, म्हणजे आपण एकादशीला जो कडक उपास करतो तो बोटीतून उतरलेल्या मालावर. राहिलं तूप आणि जिरं. तेवढ्या चमचाभर फोडणीवर आपला आशियाई वारसा टिकून आहे. पण हे बोलायचं नाही, घेणारा अमेरिकन असतो, त्याच्याच शेजारच्या खंडातला बटाटा त्याला डिप फ्राय करून पाच डॉलरला परत द्यायचा आणि "फ्रॉम अवर एन्शंट ट्रॅडिशन" म्हणायचं.

घरी केलेलं चालत नाही बरं का, परमिटवालं किचन लागतं, आणि हेल्थ डिपार्टमेंटचा माणूस थर्मामीटर घेऊन येतो. गरम पदार्थ १३५ डिग्री फॅरेनहाइटच्या खाली उतरला की विकायचा नाही. त्याने आमच्या एका ज्येष्ठ काकूंच्या वड्यात ती सळई खुपसली तेव्हा काकूंच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते आयुष्यात विसरणार नाही, चाळीस वर्षं घाणा काढलेली बाई, आणि हा त्यांच्या वड्याला ताप आहे का बघतोय. १२८ आलं. "अरे बाळा, तू खुपसलंस म्हणून निवला," काकू मराठीत म्हणाल्या. तो थँक्यू म्हणाला.

हो, आणि शेजारच्या तंबूत जाऊ नका. हे मी कळकळीने सांगतेय. आपण तिथे दाखवायला जातो, बघायला नाही. मागच्या वर्षी चटणी संपली म्हणून मी जरा मोकळी झाले आणि इंडोनेशियाच्या टेबलावर गेले, तिथल्या आजीबाईंनी एक हिरवा गोळा हातावर ठेवला, क्लेपोन म्हणाल्या. बाहेरून ओला खोवलेला नारळ, आत तांदळाच्या पिठाची उकड असते तसलं मऊ आवरण, आणि चावलं की मधून ताडाचा पातळ गूळ फुटून हनुवटीवर. म्हणजे आपला उकडीचा मोदकच, फक्त आतला बाहेर आणि बाहेरचा आत, जसं काही कोणी गणपतीचा सदरा उलटा घातलाय. मी तिथे उभी राहून पाच खाल्ले. परत आले तर आमच्या टेबलावर अध्यक्ष एका पाहुण्याला मोदकाच्या फोटोकडे बोट दाखवून सांगत होते, यू विल नॉट फाइंड धिस एनीव्हेअर एल्स. माझ्या हनुवटीवर तेव्हा गूळ होता. पुसला आणि मान डोलावली. (इंडोनेशियाच्या वीस हजारांच्या जुन्या नोटेवर गणपती आहे हे मात्र त्याच अध्यक्षांनी ग्रुपवर निदान नऊ वेळा फॉरवर्ड केलंय. नोट चालते, आजीबाई नकोत.)

सगळ्यात सोपा आयटम म्हणजे "तुमचं नाव मराठीत लिहून मिळेल". कार्डं, काळं मार्कर, आणि लिहायला मंडळाच्या रविवारच्या शाळेतली मुलं. रांग लागते. टायलर, मॅडिसन, जेकब, पोरं पटापट लिहितात, वेलांट्या इकडच्या तिकडे होतात, पण कोणाला कळतंय, लोक फ्रिजवर लावतात. एकच नियम पाळा. नाव कागदावर लिहून घ्या आणि स्पेलिंग बघून ठोकून द्या. उच्चार विचारू नका.

आमच्या लेकीने विचारला. अकरा वर्षांची आहे, तिला कुठे अक्कल. समोर एक व्हिएतनामी मुलगा, तिच्याच वयाचा, आडनाव एन-जी-यू-वाय-ई-एन, त्यांच्याकडे सगळ्यात जास्त लोकांचं असतं ते. तो म्हणाला न्यू-येन लिही, स्कूलमध्ये तसंच म्हणतात. ही म्हणाली पण घरी काय म्हणतात? तो गप्प. मागे त्याची आजी उभी होती, डोक्यावर ती पानांची निमुळती टोपी, हातात आमचाच अर्धा वडा. त्या पुढे वाकल्या आणि नाव म्हणाल्या. एकदा, मग सावकाश परत एकदा. सुरुवातीला न नव्हता, ग नव्हता, घशाच्या वर कुठेतरी अडवून नाकातून सोडलेलं काहीतरी होतं. लेक दोन मिनिटं नुसती ओठ हलवत बसली. मी म्हटलं अगं न लिही, रांग बघ केवढी झालीये. तर म्हणाली, आई, हा तो रिकाम्या चौकटीवाला आहे.

शाळेतला तक्ता आठवा. क कमळाचा, ख खडूचा, ग गवताचा, घ घराचा, आणि त्याच्यापुढच्या चौकटीत नुसतं अक्षर, चित्रच नाही. पिढ्यान् पिढ्या आपण ते पाठ करतोय, "घ" नंतर एक हुंकार देऊन पुढे जायचं, त्याने सुरू होणारा एक शब्द आपल्याकडे नाही. तर त्या बिनकामाच्या अक्षराला आमच्या गावच्या पार्कात, दुपारी पावणेतीनला, पहिल्यांदा नोकरी लागली. तिने मोठ्ठं लिहिलं, ङ्विएन. आजींनी कार्ड उन्हात धरलं, पहिल्या अक्षरावरून बोट फिरवलं आणि परत तेच नाव म्हणाल्या, मग लेक म्हणाली, मग मी पण म्हटलं, माझं चुकलं, आजी हसल्या आणि उरलेला वडा खाल्ला.

पण नुकसान बघा. रांगेतले अकराजण कंटाळून तैवानच्या बोबा टीकडे गेले, न्यूजलेटरसाठी फोटो काढायचा राहिला, आणि ते पोरगं त्याच्या सगळ्या चुलतभावंडांना घेऊन परत आलं, सगळ्यांचं आडनाव तेच. चार वाजता तंबू आवरायला लागले तरी ही लिहितेच आहे. तेव्हा मुलांना आधीच नीट समजावून ठेवा. आणि एवढं करूनही कोणी हे नाव घेऊन आलंच, तर निदान बाजूचा ठिपका द्यायला विसरू नका, नाहीतर त्याचा ड होतो.