ह्वेरिरची दोरी ओलांडू नका

आज सकाळी एका ग्रुपवर व्हिडिओ आला. उत्तर आइसलँडमधलं ह्वेरिर, जमिनीतून वाफ आणि उकळता चिखल येणारी जागा. बाबा शूटिंग करतायत आणि सात-आठ वर्षांची मुलगी दोरीपलीकडे, वाफेच्या कडेला. "अजून थोडी मागे जा, बाळा." खाली बदामांचा पाऊस. दिवसभर डोक्यातून जात नाहीये.

मागे म्हणजे कुठे? तिथली माती म्हणजे मूळचा दगडच. खालून येणाऱ्या वाफेत हायड्रोजन सल्फाइड असतो, सडक्या अंड्यांचा वास येतो तो त्याचाच. त्याचं वर आम्ल होतं, ते दगड खातं आणि उरते मऊ चिकणमाती. वरचा पापुद्रा वाळून टणक दिसतो, खाली राखाडी चिखल पिठल्यासारखा रटरटत असतो. पांढरट, पिवळसर, फिकट जमीन दिसली की तिथे पाय द्यायचा नाही. पाय आत गेलाच तर बुटात चिखल भरतो, उष्णता धरून ठेवतो आणि भाजणं खोल जातं. बूट-मोजा लगेच काढायचा, कातडीला चिकटला असेल तर ओढायचा नाही, 20 मिनिटं थंड पाणी ओतायचं आणि 112 ला फोन. म्हणून गाडीत पाण्याच्या बाटल्या भरपूर हव्यात. मोठं रुग्णालय आकुरेयरीला, तिथून तासाभराच्या वाटेवर. तासभर ते लेकरू काय करेल?

मान्य, एवढा खर्च करून गेल्यावर फोटो हवासा वाटतो. दोरीच्या अलीकडूनही वाफ फोटोत येते.

आपल्याला वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांची सवय, गरम पाणी दिसलं की पाय बुडवायचे. आइसलँडमध्येही ह्वेरिरजवळ ग्र्योतागाऊच्या गुहेत लोक खरोखर आंघोळ करायचे. 1975 ते 1984 मध्ये जवळच्या क्राफ्ला ज्वालामुखीचे नऊ उद्रेक झाले, पाणी कढत झालं. आता निवलंय, तरी उतरायला मनाई आहे. डुंबायचंच तर मीवात्न तळ्याजवळ तिकीट काढून जायचे गरम तलाव आहेत. चांदी आधी काढून ठेवा, गंधकाने काळी पडते.

आणि हे सगळं एका दिवसात उरकू नका. घाईतच दोऱ्या ओलांडल्या जातात. मीवात्नला दोन रात्री राहा. एक दिवस क्राफ्ला, 1724 मध्ये फुटलेलं वीतीचं विवर आणि लेइर्हन्युकुरचा लाव्हा. दुसऱ्या दिवशी देत्तीफॉस, 44 मीटरचा धबधबा. पश्चिमेचा 862 रस्ता डांबरी आहे, पूर्वेचा 864 खडीचा आणि हिवाळ्यात बंद. आकुरेयरीहून येताना बोगद्याला टोल आहे पण नाका नाही, ऑनलाइन भरायचा. विसरलात तर भाड्याच्या गाडीवर वर आणखी आकार लागतो. गाडीचं दार हाताने धरूनच उघडा. वाऱ्याने उलटं वाकलं तर नेहमीच्या विम्यात ते सहसा धरत नाहीत. उन्हाळ्यात डोक्यावर जाळी हवी, मीवात्न म्हणजेच चिलटांचं तळं. नाकाडोळ्यांत जातात, जीव नकोसा करतात.

सकाळी फार चिडले होते. आता वाटतं, त्या बाबांनाही मुलीला काहीतरी जगावेगळं दाखवायचं होतं. मग लेइर्हन्युकुर दाखवा ना! 1984 चा काळा लाव्हा, त्यावर दोरखंडासारख्या वळ्या, फटींतून अजून वाफ. आपल्या सह्याद्रीचा दगडही हाच, बेसॉल्ट, फक्त साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. रायगडाच्या पायऱ्या चढलेल्या पोरीला हे एका मिनिटात कळेल, आणि आखलेली वाट कुठेही सोडावी लागणार नाही.

व्हिडिओखाली हे सगळं लिहिलंय. उत्तर नाही, बदाम वाढतायत. दादा, तो व्हिडिओ काढून टाका. पुढच्या महिन्यात जाणाऱ्या कुणीतरी तो पाहिला असेल.