चित्रातली माणसं कापली

आज पुण्यात एका हॉटेलात भिंतीवर फ्रेंच चित्रकार गेरिकोचं चित्र दिसलं. 'ॲडेल्फी धक्क्याचं प्रवेशद्वार', १८२१ चं शिळाछाप चित्र. माझं फार लाडकं. पण नुसते घोडे! माणसं कापून टाकलेली. विचारलं तर म्हणाले, फ्रेममध्ये बसत नव्हतं.

डोकं फिरलं माझं.

आमची टायरगाडी. दीड-दोन टन ऊस. अवकाळी पाऊस होऊन गेलेला, ओढ्याच्या चढाला नुसता राडा. डावा बैल गुडघ्यावर आला. आण्णांनी चाबूक फेकला आणि चाकाला खांदा लावला. आईनं चाकाखाली दगड सरकवला. मी आठ वर्षांचा, कासरा माझ्या हातात. बैल किती आणि आण्णा किती ओढतायत, कळतच नव्हतं.

गेरिकोनं हेच पाहिलं हो! 'मेड्युसाचा तराफा' हे अवाढव्य चित्र घेऊन तो १८२० ला लंडनला गेला. लोक तराफा बघायला येत होते आणि हा थेम्सकाठी कोळसा ओढणारे घोडे बघत होता. अंधाऱ्या कमानीत शिरणारी ती जनावरं, आपल्याकडे पाठ केलेली, आणि सोबत त्यांची माणसं. तेलकट खडूनं दगडावर काढलेलं. ओल्या दगडावर शाई फक्त त्या रेघांनाच धरते. तो काळा रंग मला चिखलासारखाच दिसतो.

गेरिको खात्यापित्या घरचा, घोड्यांचा शौकीन. बरं, मान्य. घोड्यावरून पडला, दुखणं अंगावर काढलं आणि १८२४ मध्ये बत्तिसाव्या वर्षी गेला. पण त्यानं माणूस कापला नाही. राजेरजवाड्यांचे घोडे काढणारे ढिगानं होते, कोळशाचा घोडा कोण काढत होतं?

आण्णांच्या उजव्या खांद्यावर अजून काळा घट्टा आहे. बैलाच्या मानेवर असतो तसाच. तो बैल त्या दिवशी उठला. गाडी निघाली. आण्णा मात्र त्याच्या मानेला मिठी मारून चिखलात तसेच उभे राहिले, किती तरी वेळ. मी त्यांना रडताना तेवढंच पाहिलंय.

हे लिहिता लिहिता राग उतरला. मघाशी पूर्ण चित्र आण्णांना मोबाइलवर दाखवलं. चष्मा लावून, बोटांनी मोठं करून बघितलं त्यांनी.

"गडी कुठले रं हे?"

"लंडनचे. कोळशाचे."

"खेपेला काय देत असतील?"


मला सांगता आलं नाही.