ब्रेमेन स्ट्रीटची रिपब्लिक स्ट्रीट कशी झाली

परवा एका घरगुती जेवणात आपल्याच मंडळींपैकी एकाने ऐकवलं, “जर्मनांकडून शिका. अमेरिकेत दुधात साखरेसारखे विरघळले. नाहीतर आपण, अजून मराठी शाळा काढत बसलोय!”

तिथे गप्प बसले. इथे लिहिते.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, आमच्या सिनसिनाटीत ‘ओव्हर द ऱ्हाइन’ नावाची जुनी वस्ती आहे. पूर्वी मध्ये कालवा होता आणि पलीकडे सगळी जर्मन घरं, म्हणून कालव्यालाच लोक गमतीने जर्मनीतल्या नदीचं नाव देऊन ऱ्हाइन म्हणायचे. कालवा बुजवून त्यावर रस्ता झाला, नाव मात्र टिकलं. इथल्या सरकारी शाळांत 1840 पासून मुलं जर्मन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत शिकायची. ओहायो नदीवरचा झुलता पूल 1866 साली खुला झाला, तो बांधला जर्मनीहून आलेल्या जॉन रोबलिंगने. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ब्रिजचा आराखडाही त्याचाच. किंडरगार्टन तर शब्दासकट जर्मन. अमेरिकेतलं पहिलं 1856 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या वॉटरटाउनला मार्गारेट शुर्झ यांनी काढलं, तेही जर्मन भाषेतलं. आपल्याकडे ‘ज्युनियर केजी’च्या ॲडमिशनसाठी रांग लावणाऱ्या आईबापांना हे कोण सांगणार!

मग 1917 साली अमेरिका महायुद्धात उतरली आणि ‘साखर’ ढवळायला सुरुवात झाली. सिनसिनाटीत, जर्मन शहराचं नाव लावणाऱ्या ब्रेमेन स्ट्रीटची रिपब्लिक स्ट्रीट झाली. जर्मन स्ट्रीटची तर चक्क इंग्लिश स्ट्रीट! आंबवलेल्या कोबीला, म्हणजे साउअरक्राउटला, ‘लिबर्टी कॅबेज’ म्हणायचं ठरलं. इथवर हसू येतं. पण आयोवाच्या गव्हर्नरने फोनवर, आगगाडीत, अगदी चर्चमध्येसुद्धा इंग्रजीच बोलायचं फर्मान काढलं. एप्रिल 1918 मध्ये इलिनॉयमधल्या कॉलिन्सव्हिलला रॉबर्ट प्रागर या जर्मन कामगाराला जमावाने झाडाला फाशी दिलं. खटला चालला, 11 आरोपी होते, सगळे सुटले. 1919 मध्ये ओहायोत खालच्या वर्गांत जर्मन शिकवायलाच कायद्याने बंदी आली. नेब्रास्कात असाच कायदा झाला. तिथे दहा वर्षांच्या मुलाला जर्मन वाचायला शिकवलं म्हणून रॉबर्ट मायर या शिक्षकाला 25 डॉलर दंड झाला. तो सुप्रीम कोर्टापर्यंत लढला, 1923 मध्ये जिंकलाही. तोवर घराघरांत आईबापांनी मुलांशी जर्मन बोलणं सोडायला सुरुवात केली होती.

याला विरघळणं म्हणतात? आज साडेचार कोटींच्या आसपास अमेरिकन आपलं मूळ जर्मन सांगतात. त्यातले जर्मन बोलणारे तुमच्या ओळखीत किती आहेत, मोजून बघा. आमिश या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची जर्मन बोली तगली, पण ते मुळात जगापासून फटकूनच राहतात.

आमचे शेजारी आजोबा जर्मन मुळाचे, ऐंशी पार केलेले. नाश्त्याला गेटा करतात. डुकराचं मांस आणि ओट्स एकत्र शिजवून थापायचं, थंड झालं की काप काढून परतायचे, आपल्या कोथिंबीरवडीच्या चालीवर. आजीकडून त्यांच्यापर्यंत पोचलं ते एवढंच. रविवारी माझी लेक मराठी शाळेला जायला बाराखडीची वही घेऊन गाडीत बसते, तेव्हा ते कुंपणापाशी येऊन दर वेळी नवं अक्षर विचारतात. गेल्या आठवड्यात ‘ळ’ होता. त्यांना जमला नाही, पण चार वेळा म्हणून बघितला.