परदेशी शिक्षणाची तयारी: प्रवेशापुरती की अभ्यासापर्यंतची?

महाविद्यालयात शिकवत असल्यामुळे परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी शिफारसपत्रे लिहिण्याचे काम माझ्याकडे दरवर्षी येते. त्या निमित्ताने जे बोलणे होते, त्यात पहिला प्रश्न जवळजवळ नेहमी देशाचा असतो. कॅनडा बरा की जर्मनी, ब्रिटनमध्ये पदव्युत्तर पदवी एका वर्षात मिळत असेल तर अमेरिकेत दोन वर्षे कशाला घालवायची, कुठे व्हिसा लवकर मिळतो. तिथे नेमके काय शिकायचे आहे, कोणत्या विषयांना बसायचे आहे आणि परीक्षा कशी होणार आहे, हे प्रश्न फार उशिरा येतात; काहींच्या बाबतीत तर विमानाचे तिकीट काढून झाल्यावर. माझे स्पष्ट मत असे आहे की तयारीचा हा क्रमच उलटा आहे, आणि पुढे येणाऱ्या बऱ्याचशा अडचणी, मग त्या पैशाच्या असोत वा वाया गेलेल्या सत्राच्या, याच उलट्या क्रमातून निर्माण होतात.

अभ्यासक्रमाचे नाव वाचून निर्णय घेणे ही यातली सर्वात महागडी सवय आहे. ‘डेटा सायन्स’ या एकाच नावाखाली एका विद्यापीठात संख्याशास्त्र विभागाचा गणिताने भरलेला अभ्यासक्रम असतो, तर दुसरीकडे व्यवस्थापन शाळेने चालवलेला, अहवाल आणि सादरीकरणांवर भर देणारा अभ्यासक्रम असतो. दोन्ही चांगले असू शकतात, पण एकच विद्यार्थी दोन्हींना सारखाच योग्य असेल असे नाही. हा फरक माहितीपत्रकाच्या गुळगुळीत पानांवर दिसत नाही. तो प्रत्येक विषयाच्या तपशीलवार वर्णनात दिसतो. त्या विषयाला पूर्वअट काय आहे, तो शरद सत्रात शिकवला जातो की वसंत सत्रात, गुण लेखी परीक्षेवर आहेत की प्रकल्पावर, शिकवण्याची भाषा कोणती आहे, बाहेरून एका सत्रासाठी आलेल्या विद्यार्थ्याला त्यात जागा मिळते का, हे सगळे तिथे लिहिलेले असते. शिवाय विद्यापीठाच्या यादीत असलेला प्रत्येक विषय दर सत्रात शिकवला जातोच असे नाही, म्हणून यादीबरोबर चालू वर्षाचे वेळापत्रकही पाहावे लागते. या वाचनाला दोन-तीन संध्याकाळी लागतात. एवढा वेळ न देता दोन वर्षे आणि घरची बचत पणाला लावणारे लोक मला नेहमीच चकित करतात.

पदवीचे शिक्षण चालू असताना एका सत्रासाठी किंवा वर्षासाठी बाहेर जाणाऱ्यांना तर हे वाचन टाळताच येत नाही, कारण त्यांचा सगळा हिशेब क्रेडिटचा, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरवून दिलेल्या श्रेयांकांचा असतो. युरोपात पूर्णवेळ अभ्यासाचे एक शैक्षणिक वर्ष म्हणजे ६० ईसीटीएस (युरोपातली श्रेयांक मोजण्याची सामाईक पद्धत) क्रेडिट, आणि एक क्रेडिट म्हणजे साधारण २५ ते ३० तासांचे काम, ज्यात वर्गाबाहेरचा अभ्यासही धरलेला असतो. अमेरिकेत चार वर्षांच्या पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात आणि तिथले मोजमाप मुख्यतः आठवड्यातल्या वर्गतासांवर आधारलेले आहे. त्यामुळे एका व्यवस्थेतले ५ क्रेडिट दुसरीकडे ५ म्हणून धरले जातील, हे गृहीत धरता येत नाही. १९८७ साली सुरू झालेल्या इरॅस्मस या युरोपीय विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेत यासाठी ‘लर्निंग अ‍ॅग्रीमेंट’ नावाचा करार असतो. कोणते विषय तिकडे घ्यायचे आणि ते इकडे कशाच्या बदल्यात मान्य होतील, हे विद्यार्थी, त्याचे मूळ विद्यापीठ आणि यजमान विद्यापीठ हे तिघे निघण्यापूर्वी सही करून ठरवतात. अशी योजना नसलेल्या ठिकाणीही विद्यार्थ्याने हीच पद्धत स्वतःहून पाळावी असे मला वाटते: विषयाचे संपूर्ण वर्णन विभागप्रमुखांना द्यावे आणि मान्यता लेखी घ्यावी. “बघू या, होऊन जाईल” हे तोंडी आश्वासन देणारे सद्गृहस्थ विद्यार्थी परत येईपर्यंत बहुधा दुसऱ्या पदावर गेलेले असतात.

गुणांचेही तसेच. जर्मनीत १.० हा सर्वोत्तम गुण आहे, ४.० म्हणजे काठावर उत्तीर्ण आणि ५.० म्हणजे नापास. फ्रान्समध्ये २० पैकी गुण देतात आणि त्यात १६ मिळवणारा विद्यार्थी फार हुशार समजला जातो. नेदरलँड्समध्ये १० पैकी ९ क्वचितच दिसतात, ब्रिटनमध्ये ७० टक्क्यांना प्रथम श्रेणी मिळते. नव्वद टक्क्यांची सवय असलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या निबंधावर ६४ गुण पाहून धक्का बसतो, आणि परतल्यावर त्या ६४चे रूपांतर कोणत्या कोष्टकाने होणार हे आधी विचारलेले नसेल, तर चांगला अभ्यास करूनही एकूण सरासरी खाली येऊ शकते. हा प्रश्न जाण्यापूर्वी विचारायचा असतो, कारण निकाल हाती आल्यावर त्याचे उत्तर कोणाच्याच सोयीचे राहत नाही.

वेळापत्रकाची आखणी सत्राच्या पहिल्या दिवसापासून मागे मोजत करावी. जपानमध्ये शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, ऑस्ट्रेलियात फेब्रुवारी-मार्चमध्ये, अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ऑगस्टच्या उत्तरार्धात, आणि जर्मनीतले हिवाळी सत्राचे वर्ग ऑक्टोबरमध्ये सुरू होऊन फेब्रुवारीपर्यंत चालतात. तुमच्या महाविद्यालयाचे पुढचे सत्र जानेवारीत सुरू होत असेल, तर जर्मनीतल्या परीक्षा त्याच्यावर आदळणार हे उघड आहे, तरी ही टक्कर अनेकांच्या लक्षात येते ती प्रत्यक्ष घडताना. मागे मोजत आले की व्हिसाचे आठवडे, त्याआधी प्रवेश मिळाल्याचे पत्र, त्याआधी अर्ज, त्याआधी भाषेची परीक्षा आणि त्याच्याही आधी पासपोर्ट अशी साखळी तयार होते. आयईएलटीएस आणि टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण दोन वर्षे ग्राह्य असतात, म्हणून परीक्षा फार लवकर देण्यातही अर्थ नाही. शिष्यवृत्त्यांची मुदत पुष्कळदा प्रवेशाच्या मुदतीपूर्वीच संपते. प्रवेश मिळाल्यावर शिष्यवृत्ती शोधू म्हणणाऱ्याच्या वाट्याला त्यामुळे अगदी थोडे पर्याय उरतात. विद्यापीठाकडून गुणपत्रकाच्या मोहोरबंद प्रती मिळवणे आणि गरज असेल तिथे १९६१च्या हेग करारानुसार कागदपत्रांवर अपोस्टिल, म्हणजे ती खरी असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का घेणे, या कामांना किती दिवस लागतील हे आपल्या हातात नसते. सर्व मिळून सव्वा ते दीड वर्ष आधी सुरुवात करणे मला रास्त वाटते.

शिफारसपत्रांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ते माझ्या अंगणातले काम आहे. मुदतीच्या आदल्या आठवड्यात येऊन “सर, पत्र मीच लिहून आणले आहे, फक्त सही करा” असे म्हणणारा विद्यार्थी स्वतःचेच नुकसान करून घेत असतो. प्रवेश समितीला विशेषणे नको असतात. या विद्यार्थ्याला अवघड प्रश्न दिला तेव्हा त्याने काय केले, हे तिला वाचायचे असते. ते मला लिहिता यावे म्हणून विद्यार्थ्याने निदान महिनाभर आधी यावे, आपला प्रकल्प, उद्देशपत्राचा (स्टेटमेंट ऑफ पर्पज) मसुदा आणि ज्या विषयांसाठी अर्ज करतो आहे त्यांची यादी सोबत आणावी, आणि जे शिक्षक आपल्याला खरोखर ओळखतात त्यांच्याकडेच जावे, पद मोठे आहे म्हणून प्राचार्यांकडे जाऊ नये. उद्देशपत्रांची स्थिती याहून वाईट आहे. लहानपणापासूनच्या जिज्ञासेने सुरू होणारी आणि जागतिक दर्जाच्या शिक्षणाच्या स्तुतीने संपणारी पत्रे इतकी येतात की नाव झाकले तर कोणाचे पत्र कोणते हे सांगता येणार नाही. ज्याने विषयांची वर्णने नीट वाचलेली असतात त्याचे पत्र मात्र वेगळे ओळखू येते, कारण त्यात हा विषय का, आत्ता का आणि इथेच का, याची ठोस उत्तरे आपोआप उतरलेली असतात.

पैशाबाबत दोन वेगळे हिशेब मांडावे लागतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिला हिशेब व्हिसा अधिकाऱ्याला दाखवण्याचा. जर्मनीसाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये सप्टेंबर २०२४पासून वर्षाला ११,९०४ युरो ठेवावे लागू लागले, ज्यातून महिन्याला ९९२ युरोच काढता येतात. ब्रिटनसाठी ठरलेली रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते, आणि त्यात एखादा दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. दुसरा हिशेब प्रत्यक्ष जगण्याचा, आणि तो या आकड्यांशी जुळेलच असे नाही. पहिल्या महिन्यात घराची अनामत, पहिले भाडे, विमा, गादी-भांडी, प्रवासाचा पास असे सगळे एकदम समोर येते, तर व्हिसाची रक्कम बाराने भागून मांडलेली असते. शुल्क एका चलनात आणि घरची मिळकत दुसऱ्या चलनात असेल, तर दुसऱ्या वर्षाचे शुल्क आजच्या दराने मोजून चालत नाही. दर बिघडला तरी पेलेल इतकी फट आधीच ठेवावी लागते. ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे वाक्यही अर्धवट आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षण शुल्क घेत नाहीत हे खरे, पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने २०१७च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून दर सत्राला १,५०० युरो घ्यायला सुरुवात केली.

तिथे काम करून शुल्क भरू, या भरवशावर निघणाऱ्यांना मी नेहमी थांबवतो. सत्र चालू असताना ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर हीच मर्यादा आहे, आणि पहिल्या शैक्षणिक वर्षात काम विद्यापीठाच्या आवारातच करावे लागते. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३पासून पंधरवड्याला ४८ तासांची, कॅनडाने नोव्हेंबर २०२४पासून आवाराबाहेरच्या कामासाठी आठवड्याला २४ तासांची मर्यादा घातली. जर्मनी वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करू देतो. हे नियम बदलतात, हाच त्यांच्याविषयीचा सर्वात महत्त्वाचा मुद्दा आहे. कामाच्या पैशातून किराणा आणि फोनचे बिल निघाले तर उत्तम. पण शुल्क त्यावर टांगले की सत्राच्या मध्यावर पुस्तक बाजूला पडते आणि कामाच्या पाळ्या वाढतात, आणि मर्यादा ओलांडली तर व्हिसाच धोक्यात येतो.

सल्लागारांविषयी एकच सांगण्यासारखे आहे. त्यांच्यापैकी अनेकांना विद्यापीठांकडून दलाली मिळते, त्यामुळे विद्यार्थ्याला मोफत वाटणारा सल्ला कोणत्या विद्यापीठांपुरता मर्यादित आहे हे थेट विचारावे. विचारण्यात गैर काही नाही.

आयईएलटीएसमध्ये ९ पैकी ७.५ मिळाले म्हणजे भाषेची तयारी झाली, या समजुतीने फार जण फसतात. आठवड्याला दीडशे-दोनशे पानांचे वाचन करून चर्चावर्गात त्यावर बोलणे, प्राध्यापकांच्या मताला सभ्यपणे हरकत घेणे, संदर्भ देत आठ पानांचा निबंध लिहिणे, ही वेगळी कौशल्ये आहेत आणि ती घरी बसून शिकता येतात. विशेषतः संदर्भ न देता दुसऱ्याचा मजकूर वापरणे तिकडे शिस्तभंग मानले जाते, आणि मुद्दाम केले नव्हते हे सांगून सुटका होत नाही. निघण्यापूर्वीच्या सहा महिन्यांत दर आठवड्याला एक शोधनिबंध वाचून त्यावर एक पान स्वतःच्या शब्दांत लिहिणे ही सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित तयारी आहे. इंग्रजीतून शिकवणाऱ्या युरोपीय विद्यापीठात जाणाऱ्यांनी स्थानिक भाषाही थोडी शिकून घ्यावी, कारण घरमालक, दवाखाना आणि अर्धवेळ नोकरी यांचा कारभार वर्गातल्या भाषेत चालेल याची खात्री नसते.

प्रकृतीचे काम थोडक्यात आटोपते: नेहमीचे औषध असेल तर त्याचे घटकनावाने लिहिलेले डॉक्टरांचे पत्र, लसीकरणाची नोंद, दात आणि डोळ्यांची तपासणी. विम्याच्या कागदावर काय मिळणार नाही तो भाग आधी वाचावा. मनाच्या बाबतीत मी एवढेच म्हणेन की पहिले काही आठवडे कौतुकात जातात आणि उदासपणा बहुधा त्यानंतर येतो, नेमका पहिल्या मोठ्या परीक्षांच्या सुमाराला. विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्राची भेट कशी ठरवतात हे मन ठीक असतानाच शोधून ठेवणे शहाणपणाचे आहे.

हे सगळे जमत नसेल तर वर्षभर थांबण्यात कमीपणा नाही. अनेक विद्यापीठे विनंती केल्यास प्रवेश पुढच्या वर्षापर्यंत राखून ठेवतात, मात्र शिष्यवृत्ती सोबत पुढे जाते का हे वेगळे विचारावे लागते. आणि जे जातील, त्यांनी तिथे घेतलेल्या प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, वाचनाची यादी, तपासून आलेले निबंध आणि प्राध्यापकांचे ईमेल सत्र संपण्यापूर्वीच उतरवून स्वतःकडे ठेवावेत. विद्यापीठाचे खाते सत्र संपल्यावर काही काळाने बंद होते, आणि क्रेडिट मान्य करणारी समिती हीच कागदपत्रे त्यानंतर मागते.